तुमच्या माळावर पवनचक्की येणार असेल तर काय तपासायचं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापुरात कचेरीच्या आवारात बसून मी अर्ज लिहून देतो. लोक मराठीत सांगतात, मी कन्नडात उतरवतो. उतारा, वारसा, मोजणी ही नेहमीची कामं. अलीकडं मात्र "काका, आमच्या डोंगरावर पंखे लावणार म्हणतात, आता काय करायचं?" असं विचारत लोक येतात, कधी पूर्वेकडच्या तालुक्यांतूनही. प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

पवनचक्कीला माझा विरोध नाही. वीज आपल्याला हवी आहे, आणि कोळसा जाळण्यापेक्षा वाऱ्यावर मिळत असेल तर चांगलंच. सौंदत्तीच्या बाजूचे उघडे माळ कधीपासून पंखे वागवताहेत. पण जांबोटी-कणकुंबीकडचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, सौंदत्तीच्या माळासारखा नव्हे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई याच रानातून गोव्याकडं उतरते. तिथला खडक फोडायचा तर आधी शंभर प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते विचारायचं काम गावावरच येतं.

त्याचं कारण कायद्यात आहे. कुठल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते याची यादी 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. पवनऊर्जा त्या यादीत नाही. म्हणजे मोठ्या खाणीला किंवा धरणाला होते तशी जनसुनावणी पवनचक्कीला होत नाही. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीतही ती सर्वांत निरुपद्रवी अशा पांढऱ्या गटात बसते. तेव्हा कोणी दवंडी पिटून बोलवेल म्हणून थांबू नका. तारांनी ताणलेला उंच, बारीक खांब माळावर उभा राहिला, की तो वारा मोजायला आलाय असं समजा आणि कामाला लागा.

सुरुवात सर्व्हे नंबरापासून करा. "आमच्या डोंगरावर" असं अर्जात लिहून काही होत नाही. फोनवर दिशांक ॲप घ्या, जागेवर जाऊन उभे राहा, पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. मग त्या नंबरचा उतारा काढा. 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, 11 मध्ये इतर हक्क आणि बोजे. नाव खाजगी आहे, सरकार आहे, गोमाळ (गुरं चारायची जमीन) आहे की अरण्य, हे आधी ठरवा, कारण पुढची वाट त्यावरच ठरते. एक गोष्ट मी आवर्जून सांगतो: उताऱ्यावर 'सरकार' दिसलं म्हणजे ती जमीन वनखात्याची नाही असं धरू नका. महसूल आणि वनखातं यांची दप्तरं वेगवेगळी आहेत आणि ती जुळतीलच असं नाही. तोच नंबर आरएफओच्या (वनक्षेत्र अधिकाऱ्याच्या) कचेरीतही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

जमीन वनाची निघाली तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. त्या कायद्याचं नाव 2023 मध्ये बदललंय, कागदांवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. असे प्रस्ताव परिवेश या सरकारी संकेतस्थळावर राज्य आणि जिल्हा निवडून शोधता येतात. प्रस्तावाबरोबर केएमएल नावाची नकाशाची फाईल असते. ती गूगल अर्थमध्ये उघडली की नेमका कुठला तुकडा मागितलाय ते दिसतं. गावातल्या कॉलेजच्या पोराला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

अभयारण्याची हद्द त्याच नकाशावर बघा. खानापूर तालुक्यात भीमगड, 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. गोकाककडं धुपदाळच्या जलाशयाभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य. हद्दीच्या आत राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचा विषय येतो. हद्दीबाहेरच्या पट्ट्याला पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणतात, आणि तिथं काय चालतं याचा तक्ता त्या क्षेत्राच्या अधिसूचनेतच असतो: बंदी असलेली कामं, नियंत्रणाखालची कामं, उत्तेजन द्यायची कामं. उत्तेजनाच्या भागात सहसा अपारंपरिक ऊर्जा लिहिलेली असते. कोणी त्यावर बोट ठेवून "हे बघा, परवानगी आहेच" म्हणालं, तर पुढची ओळ वाचायला लावा. तिथं बायोगॅस, सौरदिवे अशी उदाहरणं असतात. डोंगर कापून रस्ता न्यायची मुभा त्यातून निघत नाही.

आता माळ बघायचा. कागदापेक्षा हे काम मोठं आहे, आणि गावकऱ्यांइतकं चांगलं ते कोणालाच जमत नाही.

सड्यावर उन्हाळ्यात गेलात तर काळा कोरडा जांभा दिसेल, आणि पाहणीला येणारे साहेब नेमके तेव्हाच येऊन 'पडीक' असा शेरा मारतात. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी जा आणि गुडघे टेकून बघा. बोटभर मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, गेंदाची पांढरी बोंडं, पानांवरच्या चिकट थेंबात चिलटं धरणारी दवबिंदू नावाची वनस्पती. खडकाच्या खळग्यांत पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं. सगळं त्या बोटभर मातीवर आणि सड्यावरून पसरत वाहणाऱ्या पाण्यावर जगतं. तारीख दिसेल असे फोटो काढा, प्रत्येक फोटोला सर्व्हे नंबर लिहा.

लोक पात्यांकडं बघतात, मी आधी रस्त्याकडं बघायला सांगतो. आताच्या मोठ्या पंख्याचं एक पातं 70 मीटरच्या आसपास असतं. ते घेऊन येणारा ट्रेलर घाटाच्या वळणावर वळत नाही, म्हणून वळणं कापावी लागतात. वर क्रेन उभी करायला सपाटी लागते, प्रत्येक पंख्यापर्यंत वेगळा रस्ता लागतो. एकदा रस्ता झाला, की पसरून वाहणारं पाणी गटारात शिरतं, खालच्या झऱ्याचं काय होणार ते कोणी मोजत नाही. बाहेरून आणलेल्या मुरुमातून काँग्रेस गवत येतं. म्हणून प्रस्तावात पंख्यांची संख्या बघता तसे रस्त्याचे किलोमीटर आणि वीजवाहिनीचा मार्गही विचारा.

पक्ष्यांचं म्हणाल, तर आपल्या शेजारीच दाखला आहे. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी काम केलं, ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पंख्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. त्यांना भिऊन राहणारे सरडे त्यामुळं वाढले, आणि त्या सरड्यांचं वागणं, गळ्याखालच्या पंख्यासारख्या कातडीचा रंगसुद्धा बदललेला दिसला. एक शिकारी हलला की खालची सगळी घडी विस्कटते. घारी, गरुड ज्या कड्यावरच्या वाऱ्यावर न पंख हलवता तरंगतात, त्याच कड्यावर कंपनीलाही वारा चांगला मिळतो. थंडीच्या दिवसांत सकाळी दहानंतर कड्यावर बसून कुठल्या बाजूनं पक्षी वर चढतात ते वहीत मांडा. पूर्वेकडच्या माळांवर थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, तेही मांडा. घटप्रभेवर हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात. अशा मोठ्या पक्ष्यांना पंख्याइतकीच भीती तारांची असते.

भीमगडच्या बारापेडे गुहांबद्दल तर गप्प बसणं शक्यच नाही. राउटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ 1913 मध्ये जगाला इथूनच माहीत झालं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, तरी बारापेडे हे त्याचं जुनं, महत्त्वाचं घर. या कुळातली वटवाघळं उघड्यावर, उंचावरून किडे धरतात, आणि परदेशात पंख्यांखाली मेलेल्यांत त्यांचे भाऊबंद आढळलेत. त्या बाजूला एकही पंखा नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

इतर ठिकाणी मागण्या नेमक्या करा. असलेलाच रस्ता वापरा. तारा जमिनीखालून न्या, नाहीतर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा तारांवर लावा. वारा मंद असलेल्या रात्री पंखा थांबवून ठेवा. बाहेरच्या देशांत यानं वटवाघळांचे मृत्यू बरेच कमी झालेत. वस्तीपासूनचं अंतर केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून बघा. आणि हेही विचारा, की सौंदत्तीसारख्या ठिकाणचे जुने, लहान पंखे काढून तिथंच मोठे का बसवत नाही? त्यासाठी केंद्राचं धोरण 2016 पासून आहे, 2023 मध्ये ते नव्यानं काढलं.

खाजगी जमीन भाड्यानं देणाऱ्यांना माझा हात जोडून सांगावा: करारावर त्याच दिवशी सही करू नका. इंग्रजीतला करार, शेतकरी मराठी, समजावणारा एजंट, असे कागद माझ्या टेबलावर बरेचदा सही झाल्यावर येतात. मुदत किती, मुदतीनंतर पंखा आणि काँक्रीटचा पाया कोण काढणार, रस्ता कोणाच्या नावे राहणार, या तीन गोष्टी वाचून घेतल्याशिवाय पेन उचलू नका.

मग ग्रामसभा. पीडीओला (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) आधी लेखी देऊन विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. ठरावात सर्व्हे नंबर, चराई, पाणवठे, देवराई यांचा उल्लेख हवा, नुसता 'विरोध' नको. गवळी-धनगर वाड्यांचे 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे पडून असतील तर तेही ठरावात आणा.

अर्ज कुठल्या भाषेत? घटनेच्या 350 व्या कलमानं तक्रारीचं निवेदन संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठीत द्यायचा तुमचा हक्क आहे, तो सोडू नका. पण फाईल लवकर हलावी म्हणून मी कन्नड अर्ज वर आणि मराठी प्रत खाली जोडतो. माहिती अधिकारात मात्र कर्नाटकाचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, फी 10 रुपये. वनखात्याला एक, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला एक, राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा विकास महामंडळाला एक असे वेगळे अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वनजमिनीचा आदेश निघालाच, तर हरित न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 पर्यंत मिळू शकतात. कोल्हापूरचे पाहुणे पुण्याचं खंडपीठ सांगतील, ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. आपल्याला चेन्नईला जावं लागतं. वकिलाला पाठवायच्या फायलीत उतारा, केएमएलचा नकाशा, तारखेचे फोटो, पक्ष्यांची वही, ठराव आणि सगळ्या पोच त्याच क्रमानं लावा.