नोकरी सांभाळून आरोग्यक्षेत्रात ऑनलाइन पदव्युत्तर पदवी

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा राजारामपुरीतल्या दवाखान्यात ड्युटी करत शिकायचं असेल, तर फी भरण्याआधी यूजीसीच्या डेब (दूरस्थ शिक्षण विभाग) पोर्टलवर विद्यापीठ आणि नेमका अभ्यासक्रम दोन्ही मान्य आहेत का ते बघाच. नर्सिंग, फिजिओथेरपी दूरस्थ चालत नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रही बंद झालं. हॉस्पिटल मॅनेजमेंटमधलं एमबीए मात्र करता येतं. एजंट काहीही सांगो, पोर्टलवर नाव नसेल तर पैसे भरू नका.

मग एबीसी आयडी (विद्यार्थ्याचं क्रेडिट खातं) आणि त्यावरून प्रवेशासाठी लागणारा डेब आयडी काढा. इथेच बऱ्याच सिस्टर अडकतात: आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच हाताशी ठेवा.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा. दूरस्थ पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास. ८० क्रेडिटच्या पदवीचे २४०० तास, म्हणजे दोन वर्षं आठवड्याला साधारण २३ तास. नाइट करून आल्यावर व्हिडिओ लावू नका, डोक्यात काही शिरत नाही. झोप काढून संध्याकाळी दोन तास बसा.

पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि ऑनलाइन पेपर अर्ध्यावर तुटतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी तपासून घ्या.