दोन नोकऱ्या, दोन लहान मुलं आणि दिवाळी: कशी करावी, आणि पाडव्याला वर्ष कसं लिहावं

लहान मुलांच्या घरात दिवाळीची यादी करायला बसलं की ती दोन पानांच्या आत आटपत नाही. साफसफाई, फराळ, कपडे, कंदील, किल्ला, दोन्हीकडच्या आजी-आजोबांकडे जाणं, शेजारी ताटं पोहोचवणं. त्यामुळे माझं पहिलं सांगणं असं की यादी करूच नका. घरातल्या एकेकाला विचारा: कशाशिवाय तुला दिवाळी झाल्यासारखी वाटणार नाही? प्रत्येकाला एकच उत्तर.

आमच्याकडे नवरा म्हणाला, पहाटेचं अभ्यंगस्नान. पहिलीतली थोरली म्हणाली, किल्ला. सासूबाई म्हणाल्या, निदान एक पदार्थ तरी घरच्या तुपातला पाहिजे. मी पाडव्याची संध्याकाळ मागून घेतली, ती बाहेर कोणाला द्यायची नाही म्हणून. धाकटा दोन वर्षांचा, तो कंदिलाकडे बोट दाखवून मोकळा झाला. झाली दिवाळी ठरली. बाकीचं जमलं तर जमलं, राहिलं तर राहिलं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, आणि सासूबाई अर्धं वर्ष आमच्याकडे, अर्धं कणकवलीजवळच्या गावी. हे सांगायचं कारण, पुढचं सगळं अशाच घराच्या मापाचं आहे. हाताशी तीन बायका आणि मोठं अंगण असेल तर तुमचं गणित वेगळं.

तारखा आधी बघा

रजेचा अर्ज टाकण्याआधी तिथ्या बघून घ्या, कारण दरवर्षी त्यांची मांडणी बदलते. २०२५ मध्ये धनत्रयोदशी शनिवारी १८ ऑक्टोबरला आली आणि नरकचतुर्दशी सोमवारी २० तारखेला. मधला रविवार चक्क रिकामा. असा भाकड दिवस सापडला की तो कुणाला कळू देऊ नका, नाहीतर तुमच्या घरी पाहुणे ठरलेच. आम्ही तो फराळाला दिला. किल्ला मात्र त्याच्या आदल्या शनिवार-रविवारीच उरकायचा, कारण त्यावर पेरलेलं उगवायला दिवस लागतात.

किल्ला

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. थोरलीने ते शाळेत ऐकलं होतं. त्या बारांतला सिंधुदुर्ग आजीच्या जिल्ह्यातला, म्हणून तिने तो ‘आजीचा किल्ला’ म्हणून पक्का केला. फ्लॅटवाल्यांना मी हाच सुचवीन. डोंगरी किल्ल्याला ढीगभर माती, विटा आणि गोणपाट लागतं, जलदुर्गाला घमेलं पुरतं.

जुनं घमेलं किंवा मोठ्या कुंडीखाली ठेवतात तसली खोल ताटली घ्या. मधे चार-पाच दगड रचा, म्हणजे बेट झालं. मेलेल्या कुंड्यांमधली माती चाळून पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल भिजवा आणि दगडांवर थापा. तट सरळ गोल काढू नका. खऱ्या सिंधुदुर्गाचा तट नागमोडी आहे आणि दरवाजा असा दडवलाय की समोर जाईपर्यंत कळत नाही. मुलांना हे सांगितलं की दरवाजा कुठे लपवायचा यावर त्यांचा अर्धा तास छान जातो आणि तेवढ्यात तुमचा चहा होतो. तट ओला असतानाच चमचाभर आळीव भुरभुरवा आणि वरून पाण्याचा फवारा मारा. ओतायचं नाही, फवाराच. तीन-चार दिवसांत हिरवळ येते. बेटाभोवतीचं पाणी मात्र माती सुकून घट्ट झाल्यावरच भरा, आणि रोज बदला, डास होतात.

धाकट्या भावंडांचं काय करायचं हा खरा प्रश्न. ‘हात लावू नको’ म्हणून काही होत नाही. त्याला वेगळी परात, वेगळी माती आणि एक चमचा द्या. मावळे आणि महाराज वसुबारसेपर्यंत कपाटावर ठेवा.

एकच पदार्थ घरी, बाकीचा विकत

घरी करायला शंकरपाळी धरा. चकलीचा मोहनाचा अंदाज लहान पोरांच्या गलक्यात सांभाळता येत नाही. मोहन कमी पडलं तर दगड होते, जास्त झालं तर तेलात विरघळते. अनारशाचं तर नावच नको. शंकरपाळीचं माप मात्र कोणीही लक्षात ठेवावं असं आहे: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. तिन्ही एकत्र गरम करायचं, साखर विरघळली की उतरवून कोमट होऊ द्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि मावेल तेवढा मैदा घालायचा. साधारण चार ते पाच वाट्या लागतो. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा.

मुलांचं काम यापुढचं. जाड पोळी तुम्ही लाटा आणि कातणं त्यांच्या हातात द्या. शंकरपाळी चौकोनीच हवी असा आग्रह धरू नका. आमच्या डब्यात होडी, मासा आणि कशालाच न ओळखू येणारे तुकडे होते, ते सगळ्यात आधी संपले. तळण मोठ्यांनी, मध्यम आचेवर, आणि दोन्ही मुलं दुसऱ्या खोलीत असताना. चकली, चिवडा, अनारसे आम्ही ओळखीच्या बचत गटाकडून घेतो. महिनाभर आधी सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. विकतच्या चकलीला नाक मुरडणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढायचं नाही, एवढी एक शिस्त पाळावी.

पहाट

तेल, टॉवेल, कपडे, पाट, सगळं रात्रीच काढून ठेवा. बाजारचं उटणं दोन वर्षांच्या कातडीला टोचतं. त्याच्यासाठी मसुराच्या डाळीचं पीठ सायीत कालवा, ते पुरे. मोठ्यांना हवं ते लावू द्या. धाकट्याला पहाटे चारला उठवू नका, उठेल तेव्हा त्याची पहाट.

कोकणातली रीत आमच्याकडे सासूबाईंमुळे टिकलीय. आंघोळीनंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, म्हणजे लहानसं कडू फळ, फोडायचं. डोंबिवलीत दिवाळीत बाजारात कारीट मिळतं. गॅलरीत जुना पेपर अंथरा म्हणजे लादी पुसत बसावी लागत नाही. थोरलीला त्यातलं कडू जिभेला लावून बघायचं असतं, बघू द्या. मग गुळाचे पोहे, दह्याचे पोहे, जे हाताशी असेल ते. त्या भागात या दिवशी घरोघर चार-पाच तऱ्हांचे पोहे होतात, शहरात दोन झाले तरी खूप.

सकाळी फडके रोडला जायचं असेल तर बाबागाडी नेऊ नका, मुलाला कडेवर घ्या. नवे कपडे घातलेली सगळी तरुण डोंबिवली तिथे उतरलेली असते आणि चाकांना वाट मिळत नाही. गणपतीचं दर्शन घ्या, थोडं मिरवा आणि गर्दी फुगायच्या आत परत फिरा.

पाडव्याची वही

आता माझ्या संध्याकाळीचं. व्यापारी लक्ष्मीपूजनाला नाहीतर पाडव्याला नव्या वहीची पूजा करतात. नोकरदारांच्या घरात वही नसते, म्हणून लॅपटॉपला हळदकुंकू लागतं. आम्ही घरची वही सुरू केली, शंभर पानी, रेघांची. वर्ष डिसेंबरअखेर मोजण्यापेक्षा दिवाळीत मोजलेलं आम्हाला सोयीचं पडतं. शाळेचं पहिलं सत्र संपलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, झालाच तर बोनस झालेला असतो, आणि मुख्य म्हणजे सगळे घरात असतात.

बसण्याची वेळ ओवाळणं झाल्यानंतरची, जेवणाच्या आधीची. जेवल्यावर कोणी जागं राहत नाही. फोनमधले फोटो आणि कालनिर्णय एवढंच सामान. कालनिर्णय दोन लागतात, चालू वर्षाचं आणि गेल्या वर्षाचं, कारण दिवाळी ते दिवाळी म्हटलं की नोव्हेंबर-डिसेंबर जुन्या कॅलेंडरवर राहतात. म्हणून जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत टाकू नका, मागची दोन पानं तरी फाडून ठेवा.

कॅलेंडरवरूनच का? कारण ‘वर्ष कसं गेलं’ असं विचारलं की मोठी माणसं ‘धावपळीत’ म्हणतात आणि मुलं ‘छान’ म्हणतात, तिथेच संपतं. कॅलेंडरच्या चौकोनात आपण काही ठरवून लिहिलेलं नसतं. आमचं २०२५च्या मेचं पान बघा: ‘गॅस लावला’, ‘आंबे २ पेट्या’, दुधाच्या खाड्यांच्या फुल्या, आणि २६ला नवऱ्याच्या अक्षरात ‘पाऊस!!’. त्या वर्षी मुंबईत पाऊस खरोखरच २६ मेलाच दाखल झाला, आणि आमच्याकडे रेनकोट आणायचे होते. जूनवर ‘शाळा’ आणि त्याला लाल गोल. जुलैत कामाच्या ताईंचे सलग चार खाडे, बाजूला ‘मुलीची ॲडमिशन’. ऑगस्टच्या १९ वर फक्त ‘लोकल बंद’. पाणी भरलं होतं, मी ऑफिसात अडकले होते आणि समोरच्या काकूंनी दोन्ही मुलांना जेवू घालून झोपवलं होतं. त्या चौकोनात काकूंचं नाव नव्हतं. वहीत लिहिलं, आणि भाऊबीजेच्या दिवशी त्यांच्याकडे डबा गेला तो त्यावरूनच.

पद्धत अशी. एकाने महिना वाचायचा, बाकीच्यांनी आठवायचं, आणि ज्याला आठवलं त्याच्याच शब्दांत लिहायचं. अक्षर कोणाचंही चालेल, वाक्य सुधारायचं नाही. लहान मुलांना तारखा कळत नाहीत, त्यांना फोटो दाखवा आणि बारीक प्रश्न विचारा: इथे कोण रडलं होतं? पाय कुठे दुखले? आपल्याकडे राहायला कोण आलं होतं? आम्हाला वाटलं होतं, गणपतीत गावी गेलो त्यातलं थोरलीला समुद्र आठवेल. तिने लिहायला लावलं ते असं: ‘लाईट गेले तेव्हा सगळ्यांनी मोबाईल वर धरून आरती म्हटली आणि आबांचा मोबाईल ताम्हणात पडला.’ धाकट्याच्या पानावर त्याचा हात ठेवून पेन फिरवायचं, बास.

महिन्याला तीन-चार ओळींच्या वर जाऊ नका. आणि दोन गोष्टी या बैठकीत आणू नका. एक, कोणाचे राहिलेले संकल्प. मी योगाचा क्लास लावला होता हे ज्याला आठवतं त्याने ते मनात ठेवावं. दुसरं, मार्क. वर्षभर त्यांचा हिशेब चालूच असतो.

पैशांची पानं वहीच्या शेवटून सुरू करा, आणि ती मुलं झोपल्यावर दोघांनीच लिहायची. बँकेचं स्टेटमेंट उघडून सगळं मांडत बसलात तर पहाट होईल, भांडण होईल ते वेगळं. माझा रोजचा धंदा हाच असून मी घरी चारच आकडे लिहिते: घराचा हप्ता, शाळा, डॉक्टर, आणि गावी पाठवलेले. बाहेरून मागवलेल्या जेवणाची बेरीज मुद्दाम करत नाही. त्याऐवजी दुधाचा, गॅसचा आणि नारळाचा त्या दिवसाचा भाव लिहून ठेवते. सासूबाईंना त्यात सगळ्यात रस असतो आणि त्या १९८० सालचे भाव सांगायला लागतात.

वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर काय करायचं, हे मला मैत्रिणी विचारतात. तशा घरात फराळ करत नाहीत, नातेवाईक आणून देतात, दारात एखादी पणती लागते. वही मात्र तशा वर्षी जरूर लिहावी. गेलेल्या माणसाचा महिना आला की घाई करू नका, आणि मुलं काही भलतंच आठवून हसली तर गप्प करू नका. आमच्या नात्यातल्या एका घरात नातवाने आजोबांबद्दल एवढंच लिहायला लावलं की ते केळं देताना अर्धं स्वतः खायचे. ते पान त्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

पहिल्याच वर्षी करत असाल आणि कॅलेंडरवर काही लिहिलेलं नसेल, तर फोटोंवरून भागवा आणि जेवढे महिने भरतील तेवढे भरा. वही देवघराखालच्या कप्प्यात पोथ्यांबरोबर ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत आपोआप हाताला लागते. आणि कॅलेंडरला आजच दोरीने पेन बांधा. पेन नसलं की कोणी लिहीत नाही. दोरी आखूड ठेवा, नाहीतर धाकटा भिंतीवर लिहितो.