अपघातानंतर भरपाई कशी मागावी : निष्काळजीपणाचा कायदा आणि नागपूरकराने जपायचे कागद

काही वर्षांपूर्वी मानेवाडा चौकात माझ्या मामांच्या स्कूटरला मागून एका चारचाकीचा धक्का लागला आणि जमलेल्या मंडळींनी दोघांनाही समजावून पाच हजारांत प्रकरण मिटवले. मामांचे मनगट थोडेसे सुजले होते. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसले नाही; दहा दिवसांनी दुसरा काढला, तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका लहान हाडाला भेग गेल्याचे निघाले. तोवर गाडीचा नंबर अर्धाच आठवत होता, पोलिसांत नोंद नव्हती आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पडल्याने दुखापत’ एवढेच लिहिलेले होते. पुढे वकिलांना भेटल्यावर त्यांनी तो केसपेपर उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “यात गाडी कुठे आहे?”

निष्काळजीपणाच्या दाव्याची वाट बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी अडते, म्हणून आधी कायदा नेमके काय विचारतो ते समजून घ्यावे. आपल्याकडे शारीरिक इजेच्या भरपाईसाठी एकच एक संहिता नाही. मूळ तत्त्वे अपकृत्यांच्या (दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या दिवाणी चुकांच्या) कायद्यातली, म्हणजे मुख्यतः न्यायनिर्णयांतून घडलेली आहेत, आणि रस्ता, दवाखाना, कारखाना अशा प्रसंगांसाठी निरनिराळे अधिनियम आहेत. निष्काळजीपणा सिद्ध करायचा तर तीन कड्या जुळाव्या लागतात : समोरच्यावर आपल्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते त्याने पाळले नाही, आणि आपली इजा त्यामुळेच झाली. लोक पहिल्या दोन कड्यांवर तावातावाने बोलतात, पण दावे पडतात ते बहुधा तिसरीवर. गाडीवाला बेफाम होता हे चौकातले दहा जण सांगतील. मात्र मनगटाची भेग त्याच धक्क्याची आहे, हे पहिल्या दिवशीचा कागदच सांगतो.

या तीन कड्या कशा तपासल्या जातात याचे महाराष्ट्रातले जुने उदाहरण म्हणजे लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा खटला. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले आणि त्याला उपचारासाठी पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या आधारे हाड बसवण्यात आले आणि त्याच रात्री तो दगावला. वडिलांनी दावा लावला आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मिळालेली तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. वाजवी हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वोत्तम डॉक्टर किंवा सर्वोत्तम चालक कसा वागला असता, हे मोजमाप कायदा लावत नाही. त्या कामातला साधारण कुशल माणूस कसा वागला असता, हे तो पाहतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अपघात झाल्यावर जखमीला मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले की तिथे नोंद करणाऱ्याला अपघाताची हकिकत स्पष्ट सांगावी : किती वाजता, कुठे, कोणत्या वाहनाने, शक्य असल्यास नंबरासह. ही नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, ज्याला सगळे ‘एमएलसी’ म्हणतात, झाली आहे ना हे विचारून घ्यावे. पोलिसांची झंझट नको म्हणून ‘घसरून पडले असे लिहा’ असा सल्ला देणारे हितचिंतक हमखास भेटतात. त्यांचे ऐकल्याने समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीच्या वकिलाचे निम्मे काम आपणच करून देतो. खर्चाच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि कमाल दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात. जखमीला आणून पोहोचवणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे बंधन नाही आणि त्याच्यावर दायित्वही येत नाही; मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले कलम 134अ त्याला संरक्षण देते.

पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यावर एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू असल्याने एफआयआरमध्ये बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम 281, इजेसाठी 125 आणि मृत्यू झाला असल्यास 106 दिसेल. एफआयआरपेक्षाही मी घटनास्थळाच्या पंचनाम्याला अधिक किंमत देतो. रस्त्याची रुंदी किती, वाहने कोणत्या कडेला पडली होती, टायर घासल्याच्या खुणा किती फूट लांब होत्या, काचांचा चुरा मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला होता, हे त्यात असते. दोन वर्षांनी उलटतपासणीत साक्षीदार डगमगतो, पण डाव्या कडेपासून चार फुटांवर नोंदलेली काच जागची हलत नाही. पंचनामा चुकीच्या जागेचा किंवा त्रोटक वाटला, तर आपण काढलेले फोटो जोडून लगेच लेखी हरकत द्यावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. चौकातल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण फौजदारी न्यायालयाला संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाला अधिक संभाव्य काय आहे एवढेच पाहायचे असते.

रस्ते अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज करावा लागतो. अपघात जिथे झाला, अर्जदार जिथे राहतो किंवा प्रतिवादी जिथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणी तो करता येतो. समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात अपघात झाला असला, तरी नागपूरच्या रहिवाशाला इथेच, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात अर्ज दाखल करता येतो. प्रत्येक तारखेला तिकडे जाण्याचे कारण नाही. 1 एप्रिल 2022 पासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नये.

दोष सिद्ध न करता ठरावीक रक्कम घेण्याची वाटही आहे. कलम 164 नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र ही रक्कम स्वीकारली की कलम 166 चा दावा संपतो. कमावता माणूस गेलेल्या घराने दुःखाच्या भरात तिथे सही करण्याआधी खालचे गणित एकदा मांडून पाहावे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर 2022 च्या योजनेखाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात, त्यासाठीही पोलिसांतली नोंद लागते.

गणित असे. समजा, हिंगणा रोडवर राहणाऱ्या चौतीस वर्षांच्या सुताराची कमाई महिना अठरा हजार आहे आणि अपघातात त्याच्या उजव्या हाताला कायमची इजा झाली. वर्षाचे 2,16,000 झाले. स्वतःचा धंदा असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसासाठी भविष्यातील उत्पन्नवाढीचे 40 टक्के धरतात (प्रणय सेठी निकाल, 2017), म्हणजे 3,02,400. वयाच्या 31 ते 35 या गटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, 16 आहे (सरला वर्मा निकाल, 2009), म्हणजे 48,38,400. आता प्रमाणपत्रात अपंगत्व 20 टक्के असेल आणि तोच आकडा धरला, तर मिळतील 9,67,680 रुपये. परंतु राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शरीराची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी एक समजू नये. हात गेल्यावर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचे किंवा चालकाचे काम बंद पडू शकते. रंधा धरता येत नाही, करवतीवर जोर देता येत नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आले आणि न्यायाधिकरणाने कमाईतली घट 40 टक्के मानली, तर हीच रक्कम 19,35,360 होते. औषधोपचार, वेदना, सेवाशुश्रूषा आणि व्याज यांची भर वेगळी पडते. डॉक्टरांना साक्षीला बोलावण्याचा कंटाळा केल्याने या सुताराचे साडेनऊ लाखांहून अधिक रुपये जातात. कमाईसाठी पगारपत्रक नसेल तर गिऱ्हाइकांच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, यूपीआयवर आलेले पैसे जमा करावेत.

विमा कंपनी आपल्याही चुकीकडे बोट दाखवणार हे गृहीत धरावे. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात आणि तो सिद्ध झाला तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. तथापि नियम मोडला म्हणजे आपोआप सहभाग सिद्ध झाला, असे नाही. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून कपात करता येणार नाही. त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दीकी प्रकरणात 2020 मध्ये सांगितले. हेल्मेट नसताना पाय मोडला असेल, तर हेल्मेटचा पायाशी काय संबंध हे विचारायला लाजू नये.

खड्ड्यामुळे पडलेल्याची वाट वेगळी आहे, कारण तिथे दुसरे वाहनच नसते. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याचा फोटो घेताना शेजारी पट्टी किंवा निदान चप्पल ठेवून खोली कळेल असा घ्यावा, मागे दुकानाची पाटी येऊ द्यावी आणि रस्ता महानगरपालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांपैकी कोणाचा आहे, हे माहिती अधिकारात विचारावे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि इजेसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महानगरपालिका क्षेत्रात त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. दिवाणी दावाच लावायचा असेल, तर महानगरपालिकेला आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याला मुदत सहा महिन्यांची आहे; राज्य शासनाविरुद्ध नोटीस दोन महिन्यांची लागते.

तुटलेल्या वीजतारेचा प्रश्न त्या मानाने सोपा. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या 2002 च्या निकालानुसार अशा धोकादायक गोष्टीचा व्यवहार करणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न करताही दायित्व येते. याउलट संक्रांतीच्या दिवसांत गळा चिरणाऱ्या नायलॉन मांजात कर्तव्य आणि इजा दोन्ही उघड असतात, पण दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात होते हेच सापडत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या मांजाची स्वतःहून दखल घेतली आहे. जखमीने निदान तो तुकडा पोलिसांकडे पंचनाम्यात जमा करावा, घरी आणून कचऱ्यात टाकू नये.

डॉक्टरांविरुद्ध तक्रार करण्यापूर्वी मात्र थांबून विचार करावा. उपचार फसला किंवा रुग्ण गेला, एवढ्याने निष्काळजीपणा होत नाही. आधी सर्व कागद मागावेत. मागणी केल्यापासून 72 तासांत ते देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. ते त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्यावे. पैसे देऊन घेतलेल्या उपचाराबद्दल ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. पन्नास लाखांपर्यंतची जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. सर्वांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाबाबत हा मार्ग बंद आहे आणि तिथे दिवाणी न्यायालयाकडेच वळावे लागते. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्ये स्पष्ट झाले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर प्राथमिक चौकशी होते. मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणाऱ्याकडे प्रकरण देऊ नये, कारण वकिलांना तशी फी ठरवण्याची मुभाच नाही.

दावा चालू असताना लोक अदालतीची नोटीस येईल, आणि तडजोड वाईट नसते. मात्र तिथे झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. विमा कंपनीचा अधिकारी आकडा सांगेल तेव्हा आपल्या खिशात आपले गणित लिहिलेला कागद असावा, आणि पायातली सळई काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया बाकी असेल, तर तिचा अंदाजखर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घेऊन, तो रकमेत धरला गेल्यावरच सही करावी.