जुनी येझदी घेताय? इंजिन गार असतानाच बघा
येझदी किंवा यामाहाची आरएक्स १०० अशी जुनी मोटारसायकल बघायला जाण्याआधी मालकाला फोनवरच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचलात की इंजिनला हात लावा. गरम लागलं तर खुशाल चहा घ्या, ते गार होईपर्यंत थांबा. गार इंजिन किती किकमध्ये उठतं यावरच निम्मा भाव ठरतो. थोडा धूर दिसला तर घाबरू नका; या गाड्यांचं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, धूर सोडणारच.

मग टाकीचं झाकण उघडून मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत टाकी आतून गंजते आणि बाहेर मात्र नवा रंग चकाकत असतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी ताडा. घासून पुन्हा ठोकलेला वाटला तर सरळ निघा.

‘व्हिंटेज आहे साहेब’ याला भुलू नका. नियमाने त्यासाठी ५० वर्षं लागतात; आरएक्स १०० तर बाजारात आलीच १९८५ मध्ये. शिवाय तशी नोंदणी केलेली गाडी रोज फिरवता येत नाही. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारलेले पार्टचे भाव, सगळं मागितलेल्या किमतीतून वजा करा आणि मगच आकडा बोला.