विहिरीचं पाणी काळीत नाही, मुरमात शोधा: मृगाआधीची कामं

नाशिक जिल्ह्यात येवला-निफाडकडच्या काळ्या रानांत सध्या हात जाईल एवढ्या भेगा आहेत. मृगाचा पहिला पाऊस त्या घटाघटा पितात. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचा वेग तासाला जेमतेम १ ते ५ मिलिमीटरवर येतो. पुढचा सगळा पाऊस ओढ्याला. म्हणून बांधबंदिस्ती आणि उताराला आडव्या सऱ्या रोहिणीतच उरका. पाऊस पडल्यावर वाफसा नसताना, म्हणजे रान अजून चिखलट असताना, ट्रॅक्टर घातलात, तर नांगराखाली घट्ट तवा बसतो आणि आहे तो निचराही जातो.

काळी माती पाणी भरपूर धरते, पण सहजी सोडत नाही. तिच्यातली ओल पिकाच्या कामी येते, विहिरीपर्यंत फारशी पोचत नाही. सिन्नर-चांदवडच्या डोंगरपायथ्याच्या मुरमाड रानांत उलटं: वरची ओल चार दिवसांत उडते, पाणी मात्र सरळ खाली उतरतं. खाली आपल्याकडे बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. साठा राहतो तो मुरमात, कुजलेल्या मांजऱ्या (सच्छिद्र खडकाच्या) थरात आणि फटींत. घट्ट काळ्या पाषाणाला फट नसेल तर कितीही खोल जा, बोअर कोरडंच. कुजका थरसुद्धा शंभर लिटर खडकामागे एक ते तीन लिटरच पाणी विहिरीला देतो. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्या-पाड्यांवर टँकर का लागतात, ते यातून कळावं. उतार तीव्र, साठवण तुटपुंजी.

तेव्हा जेसीबी बोलावण्याआधी टिकाव घ्या. शेताच्या वरच्या अंगाला तीन-चार फुटांचा खड्डा खणा. तळाला मुरूम लागला तर खड्डा एकदा पाण्याने भरून पाणी जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभराने बघा. वीतभर पाणी उतरलं तर जागा पुनर्भरणाची, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायची. बोटभरही उतरलं नाही, किंवा काळी संपतच नसेल, तर तिथे पैसे घालू नका.

शेततळ्याबाबत एक गैरसमज हटत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं ही टाकी आहे, त्याने शेजारच्या विहिरीला पाझर फुटत नाही. पाणी मुरवायचं तर मुरमाड जागी बिनकागदाचं तळं घ्या आणि तळाचा गाळ दर उन्हाळ्यात काढा. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ लाख लिटर. त्यातलं थोडं अडलं तरी पुष्कळ.

ओढ्याचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. गाळाने झरे बुजतात. आधी मोठे दगड, खडी आणि वाळूचं गाळण करा. फवारणी झालेल्या द्राक्षबागेतून वाहून आलेलं पाणी गाळूनही विहिरीत नको, गाळणाने औषध निघत नाही.

कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर आजच दोरीने मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवाळीत त्याच जागेवरून पुन्हा मोजायचं आहे.