मोटरहोमची मागची बॅटरी भरत नाही? नवी घेण्याआधी अर्थिंग बघा

मागची, म्हणजे पंखे-दिवे चालवणारी बॅटरी उतरते म्हटलं की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, "बॅटरी गेली, नवी टाका." लगेच टाकू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात हे खरं. पण मी तपासलेल्या बहुतेक गाड्यांत बॅटरी ठीक होती, तिच्यापर्यंत पुरेसा करंटच पोचत नव्हता.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन, सोलर, चार्जर, पंखे सगळं बंद करून गाडी दोन-तीन तास उभी राहू द्या आणि मग मोजा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. पाण्याची असेल तर पातळी बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर.

आता इंजिन चालू करून पुढच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) बरा आहे. तिथेच आकडा वर जात नसेल तर पट्टा आणि अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. पुढे १४.२ आणि मागे जैसे थे असेल तर फ्यूज किंवा रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) बघा. काही नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तिथे साधा रिले उपयोगाचा नाही, व्होल्टेज पुन्हा वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो.

खरा घोळ होतो पुढे १४.२ आणि मागे १३.३ दिसतं तेव्हा. बॅटरी भरतेय असं वाटतं, पण ती पूर्ण कधीच भरत नाही. तोरणमाळच्या घाटावर दुसऱ्या रात्री माझा पंखा बंद पडला. मी नवी बॅटरी घेतली आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच झालं. तोवर मी वायर फक्त इंजिन बंद असताना तपासत होतो. करंट वाहत नसेल तर खराब जोडही चांगलाच दिसतो. ही चूक तुम्ही करू नका.

मागची बॅटरी अर्धी रिकामी असू द्या, इंजिन चालू ठेवा. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर घ्या. लांब वायर जोडून एक पिन पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी मागच्या पॉझिटिव्हवर टेकवा. पिन शिशाच्या खुंटीवरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजमापात येतच नाही. ०.३ च्या आत असेल तर ती बाजू ठीक. मग हेच निगेटिव्हवर, म्हणजे अर्थिंगच्या बाजूवर करा. ही बाजू कोणी तपासत नाही. माझ्याकडे तिथे ०.९ निघाले: चेसिसवरचा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच बोल्टने कसला होता. इंजिन बंद करा. आधी सोलर पॅनेल सोडवा, मग बॅटऱ्यांचं निगेटिव्ह. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल घट्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी. माझा आकडा ०.०५ वर आला.

जोड स्वच्छ असूनही फरक राहिला तर वायर बारीक आहे. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन १० मीटर, २० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट खाते. १६ ची घाला, ०.२३ वर येईल. स्वस्त वायर घेऊन नव्या बॅटरीवर पैसे घालणं मला अजिबात पटत नाही. दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून येतो.

सोलर पॅनेल पुसा आणि गाडी झाडाखाली लावू नका. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायचा असेल तर वायरमनला बोलवा.

मग गाडी तीन-चार तास चालवा, रात्रभर काहीही न वापरता उभी ठेवा आणि सकाळी मागची बॅटरी मोजा. आदल्या दिवशी ती १४ च्या वर जाऊनही सकाळी १२.२ च्या खाली आली असेल, तरच तिला लोड टेस्टला (भार टाकून तपासायला) न्या.