संसदीय समितीचा अहवाल कसा वाचावा आणि शिफारशीचा माग कसा काढावा

सरकारी कंपनीने खरेदीत पैसे घालवले, योजनेचा निधी वर्षअखेर तसाच पडून राहिला, बँकांची थकीत कर्जे वाढली, अशा बातम्या आपण वाचतो आणि चार दिवसांत विसरूनही जातो. संसदेच्या समित्या मात्र याच विषयांवर महिनोन्महिने काम करत असतात. त्या सचिवांना बोलावून प्रश्न विचारतात, लेखी उत्तरे मागवतात, शिफारशी करतात आणि त्या शिफारशींचे पुढे काय झाले याचाही स्वतंत्र अहवाल देतात. हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोणता कागद आधी हातात घ्यायचा आणि कुठे थांबून सावकाश वाचायचे, एवढे कळले म्हणजे पुरे. माझ्या मते यांतला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे मूळ अहवालानंतर येणारा कार्यवाही अहवाल, आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो. म्हणून या लेखातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

पायरी १ : विषय कोणत्या समितीचा आहे ते ठरवा

झालेल्या खर्चाचा हिशेब तपासण्याचे काम लोकलेखा समितीचे. ही सर्वांत जुनी समिती १९२१ मध्ये अस्तित्वात आली. तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पाळला जातो. अंदाज समिती १९५० पासून आहे. तिचे तीसही सदस्य लोकसभेचे असतात आणि खर्चाच्या अंदाजात काटकसर कशी करता येईल, कारभार कसा सुधारेल, हे ती पाहते. सरकारी कंपन्या व महामंडळे यांच्यासाठी १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती नेमण्यात आली. तिचीही सदस्यसंख्या आज २२ आहे.

या तिघींना वित्तीय समित्या म्हणतात. त्यांच्या जोडीला मंत्रालयनिहाय स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. आर्थिक धोरणाचा प्रश्न असेल तर यांपैकी वित्तविषयक स्थायी समितीकडे वळावे. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर ऊर्जित पटेल याच समितीसमोर आले होते.

समित्यांच्या कामाच्या कक्षा ठरलेल्या असल्या तरी विषय एकमेकांत मिसळतात, हेही ध्यानात असू द्यावे. बँकांच्या थकीत कर्जांविषयी माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१८ मध्ये आपले टिपण दिले ते मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील अंदाज समितीला. एखादा विषय अपेक्षित समितीच्या यादीत सापडला नाही तर दुसरीची यादी चाळावी. प्रत्येक समिती वर्षाच्या सुरुवातीला तपासणीसाठी विषय निवडते आणि ती यादी प्रसिद्ध होते.

पायरी २ : समितीला काय करता येत नाही, हे आधी समजून घ्या

सार्वजनिक उपक्रम समितीला उपक्रमांचे अहवाल, हिशेब आणि त्यांचा कारभार व्यापारी शहाणपणाने चालला आहे की नाही हे तपासता येते. परंतु व्यवसायापासून वेगळे असलेले सरकारचे मोठे धोरणात्मक निर्णय आणि दैनंदिन प्रशासन तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे एखादी कंपनी सरकारने विकावी की ठेवावी, याचे उत्तर तिच्या अहवालात शोधणाऱ्याची निराशा होते. साक्षीला येतात ते सचिव आणि कंपनीचे अधिकारी. वित्तीय समित्या मंत्र्यांना साक्षीसाठी बोलावत नाहीत. बैठका बंद दाराआड होतात. कागदपत्रे मागवण्याचा अधिकार समितीला आहे, मात्र एखादा कागद उघड करणे राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक ठरेल या कारणावरून सरकार तो देण्याचे नाकारू शकते. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. तिचे वजन तर्कावर, पुराव्यावर आणि पाठपुराव्यावर अवलंबून असते.

पायरी ३ : लेखापरीक्षणाचा परिच्छेद शोधा

लोकलेखा समितीचे आणि बऱ्याच अंशी सार्वजनिक उपक्रम समितीचे काम भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालावर उभे असते. संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार हे अहवाल राष्ट्रपतींना सादर होतात आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. त्यांतील निवडक परिच्छेदच समिती सविस्तर तपासते. समितीच्या अहवालाच्या आरंभी लेखापरीक्षण अहवालाचा आणि परिच्छेदाचा क्रमांक दिलेला असतो. तो घेऊन मूळ परिच्छेद आधी वाचावा. आक्षेप नेमका काय होता, किती रकमेचा होता आणि कोणत्या काळातला होता, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. नंतर साक्षीच्या भरात मूळ आक्षेप हळूहळू बाजूला पडतो आणि चर्चा भलतीकडे जाते, तेव्हा या तीन ओळी वाचकाला जागेवर ठेवतात.

पायरी ४ : मूळ अहवाल मागून पुढे वाचा

अहवालाच्या पहिल्या भागात बहुधा वस्तुस्थिती, समितीचे प्रश्न आणि मंत्रालयाची उत्तरे असतात. दुसऱ्या भागात क्रमांक दिलेली निरीक्षणे व शिफारशी असतात. पहिल्या पानापासून सुरुवात केलेला वाचक साधारणपणे चाळिसाव्या पानावर थकतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. म्हणून शिफारशी आधी वाचाव्यात, त्यांतली आपल्या कामाची एक निवडावी आणि मगच तिच्यामागची प्रश्नोत्तरे पहिल्या भागात शोधावीत. शेवटी जोडलेली बैठकांची इतिवृत्तेही पाहावीत. कोणत्या तारखेला कोणाची साक्ष झाली ते तिथे कळते. स्थायी समितीच्या अहवालाला सदस्याची भिन्नमतपत्रिका जोडलेली असेल तर ती अवश्य वाचावी, कारण समितीत खरा मतभेद कुठे होता हे तीच सांगते. वित्तीय समित्यांच्या अहवालांना मात्र अशी पत्रिका जोडली जात नाही.

अर्थसंकल्प मांडल्यानंतर स्थायी समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांनी वर्षाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, तपासतात. या अहवालांत तीन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे असतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. समजा, एखाद्या योजनेसाठी ५०० कोटी रुपये ठेवले, सुधारित अंदाजात ते ३२० कोटींवर आले आणि डिसेंबरअखेर १४० कोटीच खर्च झाले. आता ‘सुधारित तरतुदीच्या ४४ टक्के खर्च झाला’ असे उत्तर मंत्रालय देऊ शकते आणि ते खोटेही नसते. परंतु मूळ तरतुदीशी ताडले तर हा खर्च २८ टक्केच भरतो. टक्केवारी दिसली की ती कशाची आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पायरी ५ : कार्यवाही अहवाल हातात घ्या

मूळ अहवाल सभागृहात आल्यावर सरकारला उत्तर द्यावे लागते. स्थायी समित्यांच्या बाबतीत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते, लोकलेखा आणि सार्वजनिक उपक्रम समित्यांच्या बाबतीत सहा महिन्यांची. ती उत्तरे तपासून समिती जो पुढचा अहवाल देते तो कार्यवाही अहवाल. त्याची ठेवण ठरलेली आहे. पहिल्या प्रकरणात समितीचे अभिप्राय असतात, दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचे उत्तर पाहून समितीने पुढे न रेटण्याचे ठरवलेल्या शिफारशी, चौथ्यात ज्यांची उत्तरे समितीने मान्य केली नाहीत त्या, आणि पाचव्यात अंतरिम उत्तरे आलेल्या. शिफारशींची संख्या व टक्केवारी मांडणारे परिशिष्टही शेवटी असते.

बातमीत बहुतेक वेळा हीच टक्केवारी येते : इतक्या शिफारशी स्वीकारल्या. तिच्यावर विसंबू नये. दुसऱ्या प्रकरणात गेलेली शिफारस पूर्णपणे अमलात आली असेलच असे नाही. हे एका काल्पनिक उदाहरणाने जवळून पाहू. समितीची शिफारस अशी आहे : ‘निविदा उघडल्यापासून ६० दिवसांत खरेदीचा निर्णय घ्यावा, आणि या प्रकरणातील विलंबाची जबाबदारी निश्चित करावी.’ मंत्रालयाचे उत्तर असे येते : ‘समितीच्या शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे. कंपनीने खरेदी पुस्तिकेत सुधारणा केली असून सर्व संबंधितांना वेळापत्रकाचे काटेकोर पालन करण्याचे निर्देश दिले आहेत.’ वाचताना वाटते, झाले काम. आता पेन्सिल घेऊन शिफारशीचे तुकडे करा. एक तुकडा ६० दिवसांचा. उत्तरात वेळापत्रक आहे, पण ६० हा आकडा नाही. दुसरा तुकडा जबाबदारीचा. त्यावर एक शब्दही नाही. निर्देश दिले म्हणतात, पण परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख नाही. म्हणजे एका शिफारशीतल्या दोन मागण्यांपैकी एक अर्धवट राहिली आणि दुसरी गळून पडली, तरी नोंद ‘स्वीकारली’ अशीच होऊ शकते. ‘नोंद घेतली’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘निर्देश देण्यात आले आहेत’ ही तीन वाक्ये दिसली की तिथे थांबून तुकडे मोजावेत.

पहिले आणि चौथे प्रकरण एकत्र वाचावे. ज्या शिफारशीचा समिती पहिल्या प्रकरणात पुनरुच्चार करते, ती सरकार आणि समिती यांच्यातली खरी वादाची जागा असते. तिसरे प्रकरण सर्वांत फसवे. सरकारचे म्हणणे पटले म्हणूनही समिती विषय सोडते, आणि दरम्यान परिस्थितीच बदलून गेली म्हणूनही सोडते. कोणते कारण आहे ते उत्तर मुळातून वाचल्याशिवाय कळत नाही. पाचव्या प्रकरणातल्या शिफारशींसमोर तारीख टाकून ठेवावी, कारण विसरल्या जातात त्या याच. स्थायी समित्यांच्या शिफारशींबाबत संबंधित मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करण्याची पद्धत २००४ पासून आहे. मधल्या काळातली स्थिती त्यातून कळते.

पायरी ६ : एकच शिफारस धरा आणि तिची नोंदवही ठेवा

सगळा अहवाल सांभाळण्याचा प्रयत्न करू नये. एका शिफारशीसाठी एक पान पुरते : लेखापरीक्षणाचा परिच्छेद, शिफारशीचा क्रमांक, तिचे तुकडे, सरकारचे उत्तर, कार्यवाही अहवालातले प्रकरण, आणि समोर मोकळी जागा. ही मोकळी जागा भरण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. ज्या परिपत्रकाचा उत्तरात उल्लेख आहे त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्ज मंत्रालयाकडे किंवा कंपनीकडे करावा आणि परिपत्रकच मागावे. समितीसमोरची साक्ष मागू नये, कारण संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती कायद्याने वगळलेली आहे. दुसरा मार्ग आपल्या खासदाराचा. शिफारशीचा क्रमांक आणि गळालेला तुकडा लिहून दिला, तर त्यावर अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न तयार करणे त्यांच्या कार्यालयाला सोपे जाते. ‘या कंपनीत भ्रष्टाचार आहे’ अशा पत्रावर प्रश्न बनत नाही. ‘अमुक शिफारशीनुसार जबाबदारी निश्चित केली काय, केली असल्यास कधी’ या वाक्यावर बनतो.

राज्याच्या महामंडळांबाबतही हीच रीत चालते. राज्य विधिमंडळाच्या लोकलेखा आणि सार्वजनिक उपक्रम समित्या आहेत, त्यांचे अहवाल मराठीत असतात आणि त्यांचा विषय आपल्या जिल्ह्यातले काम असू शकते.

समिती एखाद्या विधेयकावर किंवा विषयावर लोकांकडून निवेदने मागवते तेव्हा कोणीही निवेदन पाठवू शकतो. संसदेच्या समितीकडे ते इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागते. ते थोडक्यात असावे, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक असावा आणि आपल्या सूचनेमागचा आधार त्याच मुद्द्याखाली द्यावा. एकदा पाठवलेले निवेदन समितीच्या दप्तरात जमा होते आणि गोपनीय मानले जाते, त्यामुळे ते समाजमाध्यमांवर टाकू नये.